खणखणीत

बाजारात माठ घेताना आपण तो उचलून कानाजवळ नेतो आणि बोटाच्या पेरानं वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा. आवाज बद्द आला तर कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवायचा. माठाची चीर डोळ्याला दिसत नाही, ती कानाला कळते. कॉलेजात असताना आमच्या गिरिभ्रमण मंडळाचे दादा कातळाबद्दल नेमकं हेच सांगायचे. "दगड माठासारखा वाजवून घ्यायचा. खणखणीत असेल तरच त्याच्यावर आपला भार टाकायचा."

एकदा मी दगड वाजवला, तो बद्द वाजला, आणि तरीही मी त्याच्यावर भार टाकला. सह्याद्रीतल्या एका सुळक्यावर, फेब्रुवारीच्या टळटळीत उन्हात. पुढची खोबण लांब होती, हात भरून आले होते. एवढ्या वेळेपुरता टिकेल, असं वाटलं. नाही टिकला. परातीएवढा तो दगड आधी माझ्या हातात आला, मग हातातून सुटला, आणि त्याच्या मागोमाग मी. दोर ताणला गेला, मी लोंबकळले, गुडघा फुटला. वर दोर धरून बसलेल्या मैत्रिणीच्या तळहातांची सालं निघाली. मला कुणी रागावलं नाही. दादांनी फक्त विचारलं, "वाजवला होतास?"

"हो."

"मग?"

त्या 'मग'चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यानंतर मी डोंगरात जात राहिले. रानफुलं बघितली, किल्ले बघितले, पण कड्यापासून चार हात लांब राहून. अशी अठ्ठावीस वर्षं गेली.

म्हणून झुरिकला नोकरी करणारी माझी भाची जेव्हा फोनवर म्हणाली, "मावशी, या वेळी तू खिडकीतून आल्प्स बघायचे नाहीस, हातानं धरायचे," तेव्हा मी आधी गप्पच राहिले. ती लहानपणी माझं बोट धरून कळसूबाईच्या शिड्या चढलेली. तिला नाही म्हणणं मला जमलं नाही.

*

भाचीनं मला जिथे नेलं, ती लाउटरब्रुनेनची दरी हिमनदीनं कोरलेली आहे. ओढ्यानदीनं कापलेली दरी खाली निमुळती होत जाते. हिमनदी मात्र बूड सपाट करते आणि बाजू उभ्या तासते. त्यामुळे दरीच्या तळाशी हिरवं, जवळजवळ सपाट कुरण, त्यात लाकडी घरं, चर्चचा टोकदार मनोरा, आणि दोन्हीकडे एकदम भिंती. त्या भिंतींवरून धबधबे सुटलेले. श्टाउबबाख नावाचा धबधबा तर जवळपास तीनशे मीटर खाली येतो, आणि येता येता त्याच्या पाण्याची अक्षरशः धूळ होते. भर पावसात माळशेज घाटात वारा पाण्याला उलटं फिरवतो, ते मला आठवलं.

या भिंतीच्या माथ्यावर म्युरेन हे गाव आहे. तिथे मोटार जात नाही. केबल कारनं वर जायचं आणि कड्याच्या काठाकाठानं धावणाऱ्या छोट्या रेल्वेत बसायचं. स्टेशनवर उतरल्यावर समोर आयगर, म्यॉन्श आणि युंगफ्राऊ ही तीन शिखरं इतकी जवळ उभी असतात की मान वर करावी लागते. म्युरेनचं स्टेशन समुद्रसपाटीपासून १६३८ मीटरवर आहे. आपली कळसूबाई १६४६. म्हणजे महाराष्ट्राचं छप्पर जिथे संपतं, त्याच्या आठ मीटर खाली इथली माणसं सकाळी पाव आणायला बाहेर पडतात. हे कळल्यावर मला सह्याद्री लहान वाटला नाही. उलट समोरच्या त्या प्रचंड पांढऱ्या भिंतीशी माझी काहीतरी ओळख निघाली, परगावच्या पाहुण्यानं आपल्याच गल्लीचं नाव सांगावं तशी.

संध्याकाळी भाड्यानं साहित्य आणलं. हेल्मेट, हार्नेस, हातमोजे आणि हार्नेसला जोडायचा एक संच. एका जाड पट्ट्याचे दोन फाटे, प्रत्येकाच्या टोकाला एक कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी कडी. दोन्ही फाटे जिथे मिळतात तिथे एक छोटी पिशवी शिवलेली. भाचीनं पिशवीची चेन उघडून मला आतली घडी दाखवली. घडीवर दाट शिवण होती. माणूस पडलाच तर ही शिवण टाक्याटाक्यानं उसवत जाते आणि उसवताना पडण्याचा झटका स्वतः खाते. एकदा उसवली की तो संच टाकून द्यायचा. मी त्या शिवणीवरून बोट फिरवलं. आमच्या घरी आईनं आयुष्यभर शिवणकाम केलं. टाका निघू नये म्हणून दोरा दातानं ओढून बघायची. उसवण्यासाठीच घातलेली शिवण मी पहिल्यांदा पाहत होते.

*

अशा वाटेला इटालियनमध्ये व्हिया फेराटा म्हणतात, लोखंडी वाट. जर्मन बोलणारे तिला क्लेटरश्टाइग म्हणतात. कातळात खिळे ठोकून पोलादी तार ओढलेली असते. जिथे पाय ठेवायला जागा नाही तिथे इंग्रजी यू अक्षरासारख्या लोखंडी पायऱ्या रोवलेल्या. ऑस्ट्रियातल्या डाखश्टाइन पर्वतावर १८४३मध्येच असं लोखंड ठोकलं होतं. पण या वाटा वाढल्या त्या युद्धात. १९१५मध्ये इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी समोरासमोर आले आणि आघाडी डोलोमाइट्सच्या सुळक्यांवरून गेली. तोफा आणि शिधा वर पोचवायला दोन्हीकडच्या सैनिकांनी कड्यांवर शिड्या लावल्या, दोर बांधले. माणसं मारायला बांधलेल्या त्या वाटांवरून आज माणसं सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन जातात. लोखंडाचं याहून चांगलं काही झालेलं मला माहीत नाही.

म्युरेनची लोखंडी वाट २००८मध्ये सुरू झाली. लांबी सव्वादोन किलोमीटर. तिचं वेगळेपण असं की ती चढत नाही, उतरते; म्युरेनहून सुमारे तीनशे मीटर खाली गिमेलवाल्ड या वाडीपर्यंत. सुरुवातीला झाडी आहे, शिड्या आहेत, कळसूबाईचीच आठवण व्हावी अशा. आमच्याबरोबर एक गाइड होती, चाळिशीची, कमी बोलणारी. प्रत्येक खिळ्याजवळ तिचा एकच पाठ: एक कॅराबिनर सोडायचा, खिळ्याच्या पलीकडे अडकवायचा, मग दुसरा. दोन्ही एकदम कधीच सोडायचे नाहीत. अडकला की 'टक्' असा बारीक आवाज होतो. तो ऐकल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

झाडी संपली आणि वाट कड्याच्या उघड्या अंगावर आली. पुढे चालायला जमीनच नव्हती. नुसता उभा कातळ, त्यात आडव्या ओळीत रोवलेल्या पायऱ्या, आणि त्यांच्या खाली सहाशे मीटरांच्या आसपास मोकळी हवा. तळाशी कुरण होतं. कुरणात पांढरे ठिपके होते, त्या गायी असाव्यात. आपल्याकडचे ट्रेकर याला 'दृष्टिभय' म्हणतात. नेमका शब्द आहे. वाट अवघड नसते. भय सगळं नजरेत असतं. पण नजर पायापर्यंत पोचते. माझी पोटरी शिलाई मशीनच्या सुईसारखी थरथरायला लागली. तोंड कोरडं पडलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा तो दगड पुन्हा माझ्या हातात आला, त्याच्या वजनासकट.

"मावशी," मागून भाची म्हणाली, "घाई नाही."

पुढे गेलेली गाइड परत आली. तिनं मला धीर दिला नाही, खाली बघू नका असंही सांगितलं नाही. माझ्या चेहऱ्याशेजारी कातळाचा एक टवका पुढे आलेला होता. तिनं हात मुठीसारखा वळवला, मधल्या बोटाचं पेर त्या टवक्यावर आपटलं आणि कान दिला. मग शेजारच्या सलग कातळावर आपटलं. मग पायरीवर. तिन्ही आवाज मला ऐकू आले. टवका बद्द. कातळ भरीव. पायरी खणखणीत. तिनं पायरीकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

मला दादाच दिसले. हजारो किलोमीटर दूर, जिला माठ कशाला म्हणतात हेही माहीत नाही अशी बाई, आणि हात तोच, पेर तेच. आपला सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेल्या लाव्ह्याचा. हे डोंगर एका समुद्राच्या तळाचे. आफ्रिका युरोपला येऊन भिडली तेव्हा तो तळ घडी पडून आभाळात गेला. पण खरा दगड आणि पोकळ दगड ओळखायची रीत दोन्हीकडे एकच. मी हातमोजा काढला. पायरीवर स्वतः पेर आपटलं. वाजली. मग पाय ठेवला आणि सगळा भार तिच्यावर सोडला. सगळा. तो सोडला तेव्हाच पोटरी थांबली. थरथर होती ती अर्धवट सोडलेल्या भाराची.

पुढे एका तारेवर पाय आणि दुसरी तार हातात, असा एक पूल होता. शेवटी ऐंशी मीटर लांबीचा झुलता पूल होता, नेपाळातल्या पुलांसारखा, पावलागणिक हलणारा. त्याच्या पलीकडे गिमेलवाल्डची गवती उतरण. तिथे मी बसले. हाताला गंजाचा आणि घामाचा वास येत होता. उन्हात गवत तापलं होतं, गायींच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. भाचीनं माझ्या हार्नेसचं बक्कल सोडवलं. लहानपणी कळसूबाईहून उतरल्यावर मी तिच्या बुटाच्या नाड्या सोडायचे, अगदी तशी, मान खाली घालून.

*

तिसऱ्या दिवशी आम्ही घळईत उतरणार होतो. याला कॅन्यनिंग म्हणतात. ओढ्यानं कापलेल्या अरुंद घळीतून पाण्याबरोबरच खाली जायचं, कुठे दोरानं, कुठे घसरत, कुठे डोहात उडी टाकत. सकाळी आभाळ निळंशार होतं. आम्ही पाण्यात घालायचे कपडे चढवायला निघालो, आणि आम्हाला नेणाऱ्या माणसानं सांगितलं, आज नाही. कारण विचारलं तर त्यानं दरीच्या वरच्या टोकाकडे बोट केलं. तिथे एका शिखरामागे फुलकोबीसारखा एकच ढग वर चढत होता.

इंटरलाकेनजवळच्या साक्सेटेनबाख या ओढ्यात २७ जुलै १९९९ रोजी अशाच एका सहलीवर लोंढा आला आणि २१ जण गेले. वरच्या डोंगरात वादळी पाऊस झाला होता. घळीत दोन्ही बाजूंना भिंती असतात. पाणी आलं की पळायला जागा नाही. आपल्याकडे पावसाळ्यात डोंगरातला ओढा ओलांडणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. आपल्या डोक्यावर ऊन असतं, पाऊस वर कुठेतरी झालेला असतो, आणि गढूळ पाणी पाचोळा घेऊन वळणावरून अचानक येतं.

दुपारी तो ढग फुटला. म्युरेनच्या गॅलरीत बसून आम्ही गारा ऐकल्या. विजा समोरच्या भिंतीवर उतरत होत्या आणि त्यांचा गडगडाट दरीत अडकून तिथल्या तिथे घुमत होता. भाचीनं टॉर्च आणला आणि मला आल्प्समधली मदतीची खूण शिकवली. मिनिटाला सहा वेळा उजेड दाखवायचा किंवा शिट्टी वाजवायची. मग एक मिनिट थांबायचं. पुन्हा सहा. ज्याला ती दिसेल त्यानं मिनिटाला तीन वेळा उत्तर द्यायचं. एका ब्रिटिश गिर्यारोहकानं ही पद्धत १८९४मध्ये सुचवली आणि ती अजून चालते. स्वित्झर्लंडमध्ये १४१४ या क्रमांकावर 'रेगा' ही १९५२पासूनची हवाई बचाव सेवा मिळते. पण ज्या घळीत फोन लागत नाही तिथे अजूनही ते सहा उजेडच.

त्या संध्याकाळी मला वाटलं, बद्द आवाज फक्त दगडाचा नसतो. दिवसही वाजवून बघावा लागतो. त्या माणसानं तो वाजवला, त्याला पोकळपणा ऐकू आला, आणि आमचे ठरलेले पैसे परत करून तो शांतपणे घरी गेला. दादांच्या 'मग?'चं उत्तर त्याच्याकडे होतं. आवाज ऐकू येणं आणि ऐकून हात मागे घेणं यांच्यामध्ये एक अंतर असतं. मी अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या अंतरातच पडले होते.

*

आभाळ धुऊन निघाल्यावर आम्ही उडालो. बेआटेनबेर्गच्या उतरणीवरून, पॅराग्लायडरनं, पायलटच्या पुढ्यात बसून. १९७८मध्ये फ्रान्समधल्या मियुसी या गावी काही पॅराशूटवाल्यांनी विमानातून उडी टाकण्याऐवजी डोंगराच्या उतरणीवरून धावत जाऊन पॅराशूट फुगवलं. विमानाचा खर्च वाचवावा एवढाच हेतू होता. तिथून हा खेळ जगभर गेला, आपल्या कामशेतच्या टेकड्यांपर्यंत आला.

पायलटनं माझे पट्टे तपासले, मग पुन्हा तपासले, प्रत्येक हुकाला हात लावून. मग म्हणाला, धावायचं आणि मी सांगेपर्यंत थांबायचं नाही, पायाखाली जमीन नसली तरी. मी धावले. चार पावलं गवतावर पडली, पाचवं हवेत. मी तरीही धावत होते. मग त्यानं हसून सांगितलं, आता बसा.

उडणं मला वाटलं होतं त्याहून फार स्थिर निघालं. वारा तेवढा कानात वाहत होता. दोन तलाव दिसले, थुन आणि ब्रिएन्झ, एक निळा आणि एक हिमनद्यांच्या पिठानं दुधाळ हिरवा. त्यांच्या मधल्या पट्टीवर इंटरलाकेन. नावाचा अर्थच 'तलावांच्या मध्ये'. एका ठिकाणी उन्हानं तापलेल्या कातळावरून हवा वर उठत होती. त्या हवेत शिरल्यावर खुर्ची खालून कुणीतरी अलगद उचलावी तसे आम्ही वर गेलो. त्याच हवेत एक घार गिरक्या घेत होती. पायलट तिच्याकडे बघून वळला. हवा कुठे वर चढतेय हे तिला आधी कळतं, म्हणून. पायरीसारखं हवेलाही वजन देता येतं हे मला त्या दिवशी कळलं. फक्त तिची परीक्षा पेरानं होत नाही, घारीच्या पंखानं होते.

*

शेवटची वाट आलेच हिमनदीवरची. १९१२पासून चालू असलेली रेल्वे आयगरच्या पोटातल्या बोगद्यातून ३४५४ मीटरवरच्या युंगफ्राऊयोखला पोचवते. तिथे आपल्याकडचे पुष्कळ प्रवासी भेटतात, फोटो काढतात, बर्फ हातात घेतात. आम्ही त्यांच्यामधून निघून गाइडबरोबर पलीकडच्या बर्फावर उतरलो. बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे दात, बांधले आणि सहा जण एका दोरात आलो. आलेच ही आल्प्समधली सगळ्यात मोठी हिमनदी, सुमारे वीस किलोमीटर लांब. २००१पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे.

दोरात चालण्याची एक शिस्त आहे. दोर ताणायचा नाही आणि लोळवायचाही नाही. पुढच्याच्या पावलाशी आपलं पाऊल जुळवत तो बर्फाला जेमतेम लागेल इतपत ठेवायचा. कारण वरून सपाट दिसणाऱ्या बर्फाखाली भेगा असतात, आणि त्यांच्यावर ताज्या बर्फाचा पातळ पूल धरलेला असतो. कुणी आत गेलं तर बाकीच्यांनी त्याला धरायचं. गाइड पुढे काठी खुपसत, चाचपत चालला होता. मी त्याचे कान बघत होते. काठी खुपसताना तो डोकं किंचित कलवायचा. हाही वाजवूनच घेत होता.

दुपारी खाली उतरलो तसं बर्फावरचं आवरण संपलं आणि नागडी हिमनदी दिसली. राखट, खरबरीत, पाण्याच्या रेघांनी भरलेली. ते पाणी निळ्या पन्हाळीतून वाहत येतं आणि एखाद्या गोल विवरात गडप होतं. कुठे मोठा खडक बर्फाच्या खांबावर टेकून राहिलेला, कारण त्याच्या सावलीतला बर्फ वितळायचा राहून गेला. मी वाकून बर्फाला कान लावला. खोलवर पाणी वाहत होतं आणि मधूनच बर्फ तडकल्याचा आवाज येत होता, जात्यात खडा सापडावा तसा. कोंकोर्डियाप्लाट्झ नावाच्या विस्तीर्ण जागी चार प्रवाह मिळतात. तिथे खाली सुमारे आठशे मीटर बर्फ आहे. म्हणजे अख्खा लाउटरब्रुनेनचा कडा माझ्या पायाखाली बर्फ होऊन उभा होता.

कोंकोर्डियाची झोपडी कड्यावर आहे. १८७७मध्ये गिर्यारोहकांसाठी ती बांधली तेव्हा बर्फ तिच्या बराच जवळ होता. आता हिमनदी खाली खाली गेली, आणि तिच्यापासून झोपडीपर्यंत जायला कड्यावर लोखंडी जिने लावावे लागले. चारशेहून जास्त पायऱ्या. बर्फ उतरेल तशी खालून भर घालावी लागते. दिवसभराच्या चालीनंतर त्या चढताना मी मोजायचं सोडलं. प्रत्येक पायरी वाजत होती. लोखंड खणखणीत होतं. पोकळ होती ती त्याच्या पायथ्याची जागा, जिथे कालपर्यंत बर्फ होता.

खालच्या खोऱ्यात फीश आणि फीशरटाल नावाची गावं आहेत. पूर्वी हिमनदी वाढायची, तिच्या तळ्याचं पाणी फुटून खाली यायचं, शेतं वाहून जायची. म्हणून तिथल्या लोकांनी १६७८मध्ये नवस केला, चांगलं वागू, प्रार्थना करू, पण हिमनदी वाढू नये. पिढ्यान् पिढ्या ती प्रार्थना चालली. एकविसाव्या शतकात तिथल्या माणसांनी बघितलं की हिमनदी आता संपतच चालली आहे, आणि त्यांनी रोमला विनंती केली, आम्हाला नवस बदलायचा आहे. २०१०मध्ये परवानगी मिळाली. आता ते हिमनदी राहावी म्हणून प्रार्थना करतात.

झोपडीतल्या लाकडी बाकावर बसून सूप पिताना भाचीनं हे मला सांगितलं, तेव्हा माझा घोट तोंडातच राहिला. पाऊस यावा म्हणून गावदेवाला पाण्यात कोंडणारी माणसं आपल्याकडे आहेत. देवाशी केलेला करार उलटा करून मागायची वेळ त्यांच्यावरही उद्या येईल का? बाहेर बर्फावर शेवटचं ऊन गुलाबी होत होतं. इतक्या मोठ्या गोष्टीवर आपण आपला भार टाकून बसलो आहोत, खालच्या नद्या, शेती, शहरं, सगळं. आणि वाजवल्यावर ती बद्द वाजतेय. आवाज सगळ्यांना ऐकू येतोय. दादा असते तर त्यांनी एकच शब्द विचारला असता.

*

परतायच्या आधी झेर्माटला गेलो, तो फक्त एक दोर बघायला. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिंपर आणि त्याचे सोबती असे सात जण पहिल्यांदाच मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पोचले. उतरताना एकाचा पाय घसरला, त्यानं आणखी तिघांना ओढलं, आणि ते चौघे व वरचे तिघे यांच्यामधला दोर तुटला. चौघे खाली गेले. त्यांतल्या एकाचा देह अजून सापडलेला नाही. तुटलेला तो तुकडा तिथल्या संग्रहालयात काचेखाली आहे. चांगले दोर त्या दिवशी त्यांच्याजवळ होते. पण त्या जागी बांधला गेला तो जुना, कमकुवत. मी काचेला नाक लावून त्याचे तुटके धागे बघत उभी राहिले. गुडघ्यावरच्या जुन्या व्रणाला हात गेला. माझ्यावेळी वरच्या मैत्रिणीचे तळहात सोलले, पण दोर धरून राहिला. तो नवा होता. मोहिमेच्या आदल्या रात्री दादांनी तो वीतवीत चाचपून बघितला होता. हे मला माहीत होतं. त्याचा अर्थ इतक्या वर्षांनी कळला.

मी त्या वेळी दगडावर रुसले होते, म्हणून कड्यापासून लांब राहिले. दगडानं तर आधीच सांगितलं होतं. आणि ज्यांनी मला धरलं, त्या दोराचे, त्या हातांचे आभार मानायचे राहूनच गेले होते. झेर्माटच्या स्टेशनवरून मी मैत्रिणीला फोन केला. ती नाशिकला असते. "तुझे हात बरे आहेत ना गं?" मी विचारलं. तिला काही कळेना. मग मी सांगायला सुरुवात केली.

*

नवरात्रात मैत्रीण आणि मी कळसूबाईला गेलो. बारी गावातून, पहाटे. जत्रेची माणसं चढत होती. नऊवारीतल्या म्हाताऱ्या, खांद्यावर पोर घेतलेले बाप, अनवाणी पोरी. धुकं होतं. पहिल्या शिडीपाशी गर्दी थांबली होती. शिडीचे गज हजारो तळव्यांनी घासून मधोमध चकचकीत झालेले, कडेला गंजलेले, दवानं ओले. कुणी तरी हे लोखंड या चढावर खांद्यावरून आणलं असेल. कुणी कातळात भोकं पाडली असतील. गावातलं कुणी दर वर्षी पावसानंतर येऊन बघत असेल, आणि त्याच्या बघण्यावर भरवसा ठेवून ही सगळी जत्रा देवीकडे चालली होती.

आमच्या पुढच्या आजी वर गेल्या. मैत्रीण म्हणाली, "चल, तुझा नंबर."

मी वाकले. पेरानं पहिली पायरी वाजवली. आवाज धुक्यात वरपर्यंत गेला.

मग पाय ठेवला.